पिवळा म्हणजे नेमका कुणाचा?

खंडेनवमीच्या आदल्या रात्री साडेअकराला मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटाच उभा होतो आणि बॉनेटमध्ये ट्यूबलाइट शोधत होतो. संध्याकाळी ती तिथं स्पष्ट दिसत होती, वरच्या जळमटासकट. आता तिच्या जागी पांढुरका पट्टा होता, गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर आरशात दिसतो तसा. पुसून पाहिलं. नवा मायक्रोफायबरचा फडका काढून पुन्हा पुसलं. वरून गॅलरीतून हाक आली, "अजून किती वेळ?" मी म्हणालो, "झालंच." आणि खरंच, व्हायचं ते झालं होतं.

केलं होतं एवढंच की गाडीला मेण लावलं होतं. गाडी गडद निळी, नऊ वर्षांची, आजवर हातानंच मेण लावलेली. यंदा दसऱ्याच्या निमित्तानं एक छोटा पॉलिशर मागवला. तळहातात मावेल एवढा, तीन इंची तबकडीचा. त्याच्याबरोबर फोमचे सहा पॅड आले: पिवळा, नारिंगी, पांढरा, निळा, काळा, लाल. कोणता कशासाठी, याचा कागद खोक्यात नव्हता. पिवळा पॅड बारीक कामाचा असतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. शिवाय दुसऱ्या दिवशी झेंडूचं तोरण बांधायचंच होतं. पिवळा लावला, मेण घेतलं, बटण दाबलं.

सकाळी त्या धुरकट बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक निघालं, चाकाखाली लिंबू गेलं. शेजारचे नाना गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "मोतीबिंदू झालाय की हो हिला."

हा लेख त्या मोतीबिंदूमुळे लिहिला गेला आहे. पुढचे कित्येक रविवार मी पॉलिशवाले, गाद्यांचे दुकानदार आणि फर्निचरला पॉलिश करणारे एक चाचा यांच्याकडे हेलपाटे घातले. फोमच्या वीतभर चकतीबद्दल इतकं विचारण्यासारखं काय असतं, असं घरच्यांना वाटलं. मलाही आधी तसंच वाटायचं.

*

पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं ओळीनं आहेत. तिथल्या एका दुकानात मी माझा पिवळा पॅड काउंटरवर ठेवला. मालकानं रंगाकडे पाहिलंच नाही. पॅड उचलला, अंगठ्यानं दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग म्हणाला, "हा रबिंगचा आहे. कंपाउंड मारायला. मेण कसलं लावताय यानं?"

मी म्हणालो, पिवळा मऊ असतो ना? त्यानं मला विचारलं, "कुणाचा पिवळा?"

तिथं मला या धंद्यातली पहिली गंमत कळली. फोमच्या पॅडला रंग असतो, पण रंगाला कायदा नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक कंट्री नावाची पॅड बनवणारी प्रसिद्ध कंपनी आहे. तिच्या जुन्या, सगळ्यात खपणाऱ्या मालिकेत पिवळा पॅड सर्वांत कडक, ओरखडे कापून काढण्यासाठीचा. नारिंगी त्याहून थोडा नरम, पांढरा पॉलिशचा, काळा शेवटचा हात फिरवण्याचा, आणि निळा त्याहूनही मऊ. इटलीच्या रुपेस कंपनीचा क्रम पाहा: तिथं निळा सर्वांत खरखरीत, हिरवा मध्यम, पिवळा बारीक, पांढरा अतिबारीक. म्हणजे एकीचा पिवळा दुसरीच्या निळ्याच्या जागी आणि दुसरीचा निळा पहिलीच्या अगदी उलट टोकाला. थ्रीएमचा पांढरा पुन्हा कंपाउंडचा आणि निळा सर्वांत मऊ. मी वाचलं होतं ते रुपेसच्या पिवळ्याबद्दल. माझ्या खोक्यातल्या बिननावाच्या मालानं नक्कल केली होती लेक कंट्रीच्या रंगांची.

पुण्यातला हिरवा सिग्नल आणि रोममधला हिरवा सिग्नल एकच सांगतो. पॅडचं तसं नाही. प्रत्येक कंपनीनं आपल्या घरापुरती एक बोली ठरवून घेतली आहे आणि स्वस्तातला माल बनवणारे त्यातली कुठलीही बोली उचलतात, अर्थासकट किंवा अर्थाशिवाय. "पाच रंगांचा संच, सर्व कामांसाठी" अशी जाहिरात दिसली की आता मी पुढे सरकतो.

दुकानदाराची अंगठ्याची परीक्षा मात्र रंगापेक्षा शंभर पटीनं खरी. कापणारा पॅड अंगठ्याला अडवतो आणि सोडला की लगेच वर येतो. मेणाचा पॅड अंगठ्याला आत घेतो आणि सावकाश, जणू नाइलाजानं, परत फुगतो. कडेला नखानं खरवडून पाहा. कापणाऱ्याचा आवाज येतो, मऊ पॅडचा जवळजवळ येत नाही. दुकानात उभं राहून करता येण्यासारखं एवढंच आहे, आणि बहुतेक वेळा एवढं पुरतं.

*

मराठीत एक सोय आहे. पृष्ठभागावर काही लावण्याच्या क्रियेला आपल्याकडे एक शब्द नाही, डझनभर आहेत. तेल चोपडतात, अंगाला उटणं माखतात, भिंत लिंपतात, जमीन सारवतात, गिलावा घोटतात, भांडी घासतात. यातल्या कोणत्याही दोन क्रियांची अदलाबदल केली तर आई ओरडते. गाडीच्या कामात मात्र आपण सगळ्याला 'पॉलिश करणं' म्हणतो आणि तिथंच फसतो.

गाडीच्या रंगावर तीन वेगळी कामं होतात. ओरखडे काढायला वरचा थर किंचित खरवडावा लागतो; ते कंपाउंडचं काम, ते घासणं. मग उरलेली धूसरता बारीक पॉलिशनं काढायची, ते घोटणं. आणि शेवटी मेण. मेणात काढायचं काहीच नसतं, फक्त ठेवायचं असतं. ते सारवणं.

माझी आजी सारवायची तेव्हा तिचं पोतेरं ठरलेलं असे. जुन्या नऊवारीचा तुकडा, धुऊन धुऊन कापसासारखा झालेला. नव्या कापडाला ती हात लावू द्यायची नाही, कारण नव्या कापडाच्या रेघा जमिनीवर उठतात. मेणाचा पॅड म्हणजे गाडीचं पोतेरं, हे मला कळायला नऊ वर्षांची गाडी आणि एक दसरा खर्ची पडला.

माझ्या गुन्ह्यात एक साथीदारही होता. मेणाचा डबा मी नंतर उलटा करून वाचला तर त्यावर 'क्लीनर वॅक्स' असं लिहिलेलं. म्हणजे मेणात बारीक घासणारी पूड मिसळलेली, मळ आणि मेण एका हातात व्हावं म्हणून. हातानं आणि मऊ कापडानं लावलं तर ते चालून जातं. कडक पॅडवर घेऊन मशिननं मिनिटाला काही हजार वेळा हलवलं की ते मेण राहत नाही, कंपाउंड होतं. कडक फोम, घासणारी पूड, गडद रंग आणि नवशिका हात. मोतीबिंदूला आणखी काय लागतं?

*

आपण नेमकं कशाला हात लावतो आहोत, हे एकदा आकड्यांत पाहिलं की हात आपोआप हलका होतो.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीच्या पत्र्यावर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गंजाला अडवणारा थर, प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हा क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. तुम्ही सकाळी वाचता त्या वर्तमानपत्राचा कागद याहून जाड असतो. चमक, खोली, ट्यूबलाइटची धारदार कड, हे सगळं त्या वरच्या थराच्या सपाटपणावर अवलंबून. ओरखडा काढायचा म्हणजे आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळाइतका खाली आणायचा. दर दसऱ्याला रबिंग करणाऱ्या गाड्यांचे कोपरे काही वर्षांनी का उघडे पडतात, ते यावरून लक्षात यावं.

मेणाचा हिशेब याच्या उलट बाजूला आहे. समजा गाडीचा रंगवलेला पत्रा आठ चौरस मीटर आहे आणि त्यावर एक मायक्रॉनचा थर द्यायचा आहे. गुणाकार केला तर मेण लागतं आठ मिलिलीटर. चहाच्या चमच्यानं दीड चमचा. सगळ्या गाडीला! मी त्या रात्री एकट्या बॉनेटवरच याहून जास्त ओतलं होतं. जास्तीचं मेण पत्र्यावर राहत नाही. ते पुसताना फडक्यात जातं, नाहीतर पॅडच्या पोटात.

पॅडचं पोट हा या निवडीतला खरा विषय आहे, म्हणून फोमकडे वळू.

*

गादीवाल्याकडे गेलो ते बहुतेकांच्या मनात येणारा विचार घेऊन: एवढीशी चकती महाग कशाला घ्यायची, फोमचा तुकडा आणून कापू. त्यानं विचारलं, "बत्तीस डेन्सिटी देऊ की चाळीस?" मी म्हणालो, मऊ द्या. तो हसला. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किती किलो, मऊ-कडक नव्हे. चाळीसचा फोम मऊ असू शकतो आणि बत्तीसचा कडक. डेन्सिटीवर टिकणं अवलंबून, मऊपणा वेगळ्याच मापानं मोजतात. गेली वीस वर्षं मी गाद्या घेताना हे दोन्ही एकच समजत होतो.

हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुझेनला ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रसायन प्रथम बनवलं. दोन द्रव एकत्र आले की ते घट्ट होतं. त्यात पाणी मिसळलं तर कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि घट्ट होता होता ते बुडबुड्यांनी भरतं. ढोकळा फुगतो तसंच, फक्त हा ढोकळा नंतर मऊच राहतो. प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक खोली. खोल्यांच्या भिंती फुटून वाटा मोकळ्या झाल्या तर हवा आणि द्रव आरपार जातात. असा उघड्या पेशींचा फोम म्हणजे गादी किंवा स्पंज. भिंती शाबूत राहिल्या तर द्रव बाहेरच थांबतो. पोहायला शिकताना हातात देतात ती फोमची फळी आठवा. काही पॅडसाठी तर खोल्यांचे उरलेसुरले पडदेही मुद्दाम जाळून उडवतात, म्हणजे फक्त सांगाडा उरतो आणि हवा खेळती राहून पॅड तापत नाही. कंपाउंडच्या कामाला हे फार सोयीचं.

मेणाला मात्र ही मोकळी वाट नको. पातळ, लोशनसारखं मेण मोठ्या भोकांच्या उघड्या फोमवर घेतलं तर अर्धं आत उतरतं आणि तिथंच वाळून बसतं. म्हणून मेणासाठी बारीक भोकांचा, दाट विणीचा, पण मऊ फोम शोधायचा. भोकं एका इंचात किती, यावर कंपन्या वीण मोजतात. आपण डोळ्यांनी मोजावी. कापणाऱ्या पॅडची भोकं हात लांब धरूनही दिसतात, मेणाच्या पॅडची जवळ आणून बघावी लागतात.

गादीच्या तुकड्याचं काय झालं? कापला, बसवला, चालवला. दोन मिनिटांत त्याच्या कडा चुऱ्यासारख्या सुटल्या आणि निळ्या पत्र्यावर पिवळी रांगोळी पडली. पॅड बनवणारे कड गोलाकार तासतात, पाठीमागं वेल्क्रो नीट चिकटवतात, चकती मध्यावर तोलून कापतात. त्याचे पैसे घेतात ते काही फुकटचे नाहीत.

*

आता मशिन. गॅरेजमध्ये दोन नावं ऐकू येतात, रोटरी आणि डीए. रोटरी एकाच जागी गरगर फिरते, पिठाच्या चक्कीसारखी. तिच्यात जोर आणि उष्णता दोन्ही जास्त. नवशिक्याच्या हाती ती द्यायची नसते. डीए म्हणजे दुहेरी चालीचं यंत्र. त्यात तबकडी स्वतःभोवती फिरते आणि तिचा मध्यबिंदूही एका छोट्या वर्तुळात घिरट्या घालतो. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती, तसं. तो मध्यबिंदू किती मोठ्या वर्तुळात फिरतो, ते आठ मिलिमीटर, बारा, पंधरा अशा आकड्यांत सांगतात. घरगुती छोट्या मशिनमध्ये हा आकडा बहुधा लहान असतो.

डीएमध्ये एक शहाणपण आहे. जास्त दाबलं की तबकडीचं स्वतःभोवती फिरणं थांबतं आणि नुसतं थरथरणं उरतं. फिरतंय की नाही, हे कळावं म्हणून पॉलिशवाली पोरं तबकडीच्या कडेला काळ्या मार्करची एक रेघ ओढतात. रेघ दिसेनाशी झाली तर फिरतंय, स्थिर दिसली तर तुम्ही दाबताय. हे कळलं त्याच दिवशी मीही ती रेघ ओढली.

छोट्या मशिनच्या बाबतीत एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो. सहा इंची पॅडचं क्षेत्रफळ सुमारे १८२ चौरस सेंटिमीटर, तीन इंचीचं ४६. चौपट फरक. म्हणजे हाताचा जोर तेवढाच असला तरी छोट्या पॅडखाली प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर चौपट दाब पडतो. लहान मशिन म्हणजे सौम्य मशिन, ही माझी समजूत होती. ती उलटी निघाली. छोट्या पॉलिशरवर पॅड मोठ्या मशिनपेक्षाही मऊ हवा आणि हाताचं वजनसुद्धा टाकायचं नाही, मशिन आपल्या भारानं पत्र्यावर टेकू द्यायचं.

मापाचंही तसंच. पॅड तबकडीएवढाच नको, चहूबाजूंनी थोडा बाहेर हवा. तीन इंची तबकडीला साडेतीन ते चार इंची. कारण पॅड कधी जरा सरकून बसतो आणि मग तबकडीची कडक कड रंगाला लागते. पण फार मोठाही नको. मशिनच्या आतलं तोलाचं वजन ठरावीक पॅडसाठी असतं, जड पॅड लावला की हाताला मुंग्या येतात. जाडीबद्दल दोन मतं ऐकली. जाड पॅड वळणांवर चांगला बसतो, हे खरं. पण लहान घिरटीचं मशिन आणि जाड, मऊ पॅड अशी जोडी जमली की सगळी हालचाल फोमच्या पोटातच जिरते; वर मशिन नाचतं, खाली पॅड जागेवर. माझं मत पातळ पॅडच्या बाजूचं, इंचभर किंवा त्याहून कमी. बम्परच्या खोबणीत आणि दरवाज्याच्या हँडलमागं तोच जातो. बुलेटच्या टाकीवर तर त्याच्यासारखा दुसरा नाही.

पॅडच्या तोंडावर कोरलेल्या चौकटी, खड्डे, भोवरे यांच्याबद्दल विक्रेते बरंच बोलतात. मेणापुरतं सांगायचं तर सपाट तोंड पुरेसं आहे. खड्ड्यांत मेण साठतं, एवढाच त्यांचा उपयोग दिसला.

*

मेणाबद्दल थोडं, कारण ती गोष्टच फार छान आहे. डब्यावर 'कारनौबा' लिहिलेलं असतं ते ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या प्रदेशातल्या एका ताडाचं मेण. उन्हाळ्यात पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड पानांवर स्वतःच मेणाचा थर धरतं. लांब काठीला लावलेल्या कोयत्यानं पानं उतरवतात, उन्हात वाळवतात, झोडपतात आणि जी पूड पडते ती वितळवून मेण करतात. वनस्पतींच्या मेणांत हे सर्वांत कडक समजलं जातं, ८० अंशांच्या वर वितळतं. औषधाच्या चकचकीत गोळ्यांवर आणि चॉकलेटांवरही हेच असतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्सन या फरशीचं मेण बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख हर्बर्ट जॉन्सन पाण्यावर उतरणारं सिकोर्स्की विमान घेऊन विस्कॉन्सिनहून पार ब्राझीलला गेले, ते ही झाडं पुरेशी आहेत का हे बघायला.

शुद्ध कारनौबा फार कडक आणि ठिसूळ. डब्यातल्या मेणात ते थोडंच असतं. बाकी मधमाश्यांचं मेण, तेलं, उडून जाणारी द्रव्यं. घट्ट मेण आणि पातळ मेण यांना पॅडही थोडा वेगळा लागतो. घट्ट मेण पॅडवर पसरायलाच थोडा जोर लागतो, म्हणून पॅड अगदी लिबलिबीत असून चालत नाही. पातळाला सर्वांत मऊ. घट्ट मेण मशिननं लावूच नये, हातानं लावावं, असं मला आता वाटतं. मशिनवाले नाराज होतील.

फर्निचरवाल्या चाचांकडे मी याच टप्प्यावर गेलो. गाडीला लावायची मेणं मुळात सुताराच्या कपाटातून आली आहेत. आज गाड्यांच्या पॉलिशमध्ये जगभर नाव असलेली अमेरिकेतली मॅग्वायर्स कंपनी १९०१ मध्ये सुरू झाली ती लाकडी सामानाचं पॉलिश बनवण्यासाठी. तेव्हा रस्त्यावर होत्या त्या बहुतेक घोड्यांच्या बग्ग्या.

चाचा एका जुन्या शिसवी कपाटावर स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा चढवत होते. हातात कापसाची पोटळी, वर जुनं मलमल. पोटळीच्या तळाला एकही चुणी नाही. हात इंग्रजी आठाच्या आकारात फिरत होता, कुठंही न थांबता. थांबला तर पोटळी चिकटते आणि खालचा थर उचलून येतो. मी विचारलं, नवं मलमल का नाही? "नवीन कपडा अडवतो," ते म्हणाले. "जुना विसरून जातो की तो कपडा आहे." आजीचं पोतेरं मला पुन्हा आठवलं. चाचांना मी माझ्या फोमच्या चकत्या दाखवल्या. त्यांनी काळी उचलली, गालाला लावून पाहिली आणि बाकीच्या परत दिल्या.

*

रंगावर भरवसा नाही आणि गालावर किती ठेवायचा, म्हणून घरी एक प्रयोग केला. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर पूर्वी फुकट सीडी यायच्या. त्या माळ्यावर निघाल्या. सीडीचं प्लास्टिक क्लिअर कोटपेक्षा लवकर ओरखडतं, म्हणजे परीक्षा कडकच. सहा सीडी, सहा पॅड, या वेळी पूड नसलेलं मेण, सर्वांत कमी वेग, प्रत्येकी अर्धा मिनिट. पुसून उन्हात धरल्या. पिवळ्याखालची सीडी दुधी काचेसारखी झाली होती. नारिंगीचीही अवस्था फार वेगळी नव्हती. पांढऱ्यानं गोल गोल जाळं उठवलं. निळ्यानं नजरेला ताण दिल्यावर दिसतील एवढ्या रेघा. काळ्या आणि लाल पॅडखालच्या सीडींत इंद्रधनुष्य शाबूत होतं. या एका खोक्यापुरता निकाल लागला. तुमच्या खोक्यातला लाल वेगळा निघू शकतो. सीडी मात्र सगळ्यांच्या माळ्यावर आहेत.

बॉनेट एका परिचिताच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालं. मऊ पॅड, बारीक पॉलिश, पाऊण तास. धूसरता गेली, आणि तिच्याबरोबर क्लिअर कोटचा एखादा मायक्रॉनही. तो परत येणार नाही.

त्यानंतर जे बसलंय ते असं. गाडी आधी धुवायची, सावलीत, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. पॅडवर तुरीच्या डाळीएवढे तीन थेंब, मशिन बंद असतानाच ते पत्र्यावर टिपायचे, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. वेग सहापैकी दोनवर. मशिन नांगरटीसारखं एकदा आडवं, एकदा उभं. एका वेळी दोन फूट जागा. थर इतका पातळ की लागलाय की नाही अशी शंका यावी. शंका आली म्हणजे बरोबर चाललंय. मग वाळू द्यायचं आणि बोट ओढून पाहायचं. बोटाखाली स्वच्छ पट्टा उमटला तर पुसायला हरकत नाही, मेण फराटलं तर अजून थांबा. पावसाळी हवेत हे थांबणं वाढतं. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मेण जाऊ द्यायचं नाही, पांढरे डाग पडतात आणि ते बायकोला आधी दिसतात. खाचाखोचांत आणि नंबरप्लेटच्या भोवती हातच बरा. पुसतानाही हातच, मेण काढायला मशिन लावणाऱ्यांना माझा नमस्कार.

पॅड दोन पुरतात. एक अर्ध्या गाडीनंतर मेणानं जड होतो, तेव्हा दुसरा. वापरून झाले की कोमट पाण्यात साबणानं पिळून काढायचे. उकळतं पाणी नको, वेल्क्रोचा चिकट थर सुटतो. वाळवताना वेल्क्रो वर आणि फोम खाली, म्हणजे पाणी चिकटपट्टीत मुरत नाही. ज्या पॅडला एकदा कंपाउंड लागलं तो कितीही धुतला तरी मेणाला घ्यायचा नाही. मी मेणाच्या दोन्ही पॅडच्या पाठीवर मार्करनं 'मे' लिहून ठेवलं आहे.

हे सगळं करून मेण किती टिकतं? आमच्याकडच्या उन्हात आणि धुळीत दोन-तीन महिने, एका जोरदार पावसाळ्यात त्याहूनही कमी. पाण्याचे मोती पत्र्यावरून घरंगळायचे थांबले की समजायचं, संपलं. 'वर्षभर संरक्षण' असं डब्यावर छापणाऱ्यांनी आमच्या बोअरच्या पाण्यानं गाडी धुऊन पाहावी. मेण लावायचं ते दिसण्यासाठी, आणि पुढच्या वेळी मळ सहज निघावा म्हणून. त्यासाठी मशिन हवंच असंही नाही. छोट्या पॉलिशरनं वेळ वाचतो, थर सगळीकडे सारखा बसतो, खांदा दुखत नाही. बाकी काम हातानं लावायच्या गोल फोमनंही होतं. मशिन आणलंच असेल, तर सहा पॅडांचा संच घेऊ नका. नावाच्या कंपनीचे, तिच्या स्वतःच्या तक्त्यात 'शेवटचा हात' किंवा 'मेण' असं लिहिलेले दोन घ्या. पैसे तेवढेच जातात.

माझा पिवळा पॅड वाया गेला नाही. हेडलाइटवरचा पिवळेपणा त्यानं सुरेख निघाला, सोसायटीतल्या चार गाड्यांचा काढून दिला, नानांच्या गाडीचाही.

एक विनंती मात्र आहे. बॉनेटवर स्वस्तिक काढाल तेव्हा हळद-कुंकू ओलं करून बोटानं काढा, आणि त्याच संध्याकाळी भरपूर पाणी सोडून धुऊन टाका. कोरड्या फडक्यानं झटकू नका. कोरडी पूड घासली की रेघा उठतात.